विश्लेषण : गस्तीनौका किती, यापेक्षा त्या दिवशी सुरू किती? इंजिन देखभालीच्या वेळापत्रकाचे गणित काय?

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर लाखोंची गर्दी असते. मंदिर अगदी समुद्राला लागून. त्यानंतरच्या अमावास्येला गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी समुद्रात उतरतात आणि त्यांच्यामागे भाविकही. अशा दिवशी किनाऱ्यासमोर गस्तीची बोट उभी असणे ही सुरक्षेची किमान गरज. हाच हंगाम बेकायदा मासेमारीवरील कारवाईचाही असतो. दोन्ही कामांसाठी बोटींची संख्या महत्त्वाची आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते त्या दिवशी त्यांचे इंजिन सुरू असणे. इंजिनाची देखभाल किती दिवसांनी किंवा किती तासांनी करायची, हा वरवर मिस्त्रीच्या अखत्यारीतला प्रश्न. प्रत्यक्षात किनारपट्टीच्या सुरक्षेचा आणि पारंपरिक मच्छीमारांच्या उत्पन्नाचा बराचसा भार त्यावर आहे.

गस्तीनौकांची गरज का वाढली?

१९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ आले आणि तेथून रबरी बोटीने कुलाब्यात उतरले. केंद्राची किनारी सुरक्षा योजना त्याआधीच, २००५ मध्ये मंजूर झाली होती. २६/११ नंतर तिला वेग आला. पहिल्या टप्प्यात किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांना मिळून ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ वेगवान बोटी देण्यात आल्या. गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याची गार्डन रीच शिपबिल्डर्स या सरकारी कंपन्यांनी त्या बांधल्या. दुसरा टप्पा एप्रिल २०११ मध्ये सुरू झाला.

समुद्रातून काय येऊन धडकेल, याचा नेम नसतो. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या ‘लेडी हान’ या बोटीत एके-४७ रायफली सापडल्या आणि खळबळ उडाली. तपासात दहशतवादी कट आढळला नाही. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचे इंजिन जूनमध्येच भर समुद्रात बंद पडले होते. खलाशांची सुटका झाली आणि बेवारस बोट वाहत कोकणात आली. एका बंद पडलेल्या इंजिनाने राज्याची यंत्रणा दिवसभर पळवली.

सिंधुदुर्गात प्रश्न केवळ दहशतवादाचा आहे का?

नाही. जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. येथे रापण आणि गिलनेटवर जगणारा पारंपरिक मच्छीमार एका बाजूला, तर पर्ससीन, एलईडी दिवे आणि परराज्यातील वेगवान ट्रॉलर दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष अनेक वर्षे सुरू आहे. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले व ती सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरती मर्यादित केली. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांत गेल्या.

पण दंड करण्यासाठी आधी बोट पकडावी लागते. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत. बंदरातून २० नॉट वेगाने निघालेल्या नौकेलाही त्या सीमेवर पोहोचायला ३६ मिनिटे लागतात. दोनपैकी एक इंजिन दमले आणि वेग निम्म्यावर आला, तर सव्वा तास. तेवढ्यात जाळे ओढून, दिवे मालवून ट्रॉलर हद्दीबाहेर जाऊ शकतो. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू केली. ड्रोन नौका दाखवतो, पुरावा देतो. मात्र नौका अडवायला, तपासायला आणि बंदरात आणायला बोटच जावी लागते.

देखभालीचे अंतर ठरते कसे?

इंजिन बनवणारी कंपनी दोन मर्यादा देते : चालण्याचे तास आणि दिनदर्शिका. जे आधी येईल ते पाळायचे. बाहेर बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना, म्हणजे आउटबोर्डना, साधारण १०० तास किंवा एक वर्ष; आतल्या डिझेल इंजिनांच्या तेल-फिल्टरसाठी अनेकदा २५० तास किंवा एक वर्ष, असा प्रघात आहे. नेमका आकडा इंजिनानुसार बदलतो.

दोन मर्यादा का, हे उदाहरणाने कळते. समजा, एक नौका जिल्ह्याचा १२१ किलोमीटरचा किनारा आठवड्यातून दोनदा पूर्ण फिरते. १५ नॉट वेगाने एका फेरीला जाऊन-येऊन पावणेनऊ तास लागतील. आठवड्याला साधारण साडेसतरा तास झाले. तिला २५० तास भरायला सव्वातीन महिने लागतात. दुसरी नौका इंधन जपून आठवड्याला दोनच तास बाहेर पडते. दहा महिन्यांच्या हंगामात तिचे तास नव्वदच्याही आत राहतात. तासांवर विसंबले, तर तिचे तेल तीन वर्षे बदलले जाणार नाही.

आणि उभी असलेली नौका सुरक्षित असते, हा मोठा गैरसमज आहे. खाऱ्या हवेत वायरिंगचे जोड हिरवे पडतात. अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्प गोठून पाणी साचते आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून फिल्टर तुंबतो. थंड करणारे समुद्राचे पाणी खेचणारा रबरी इम्पेलर एकाच स्थितीत राहून वाकतो. बॅटरी उतरते. तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात. मग पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ठरलेले फेरे गाठत नाही आणि त्याच्यावर जादा भार येतो. कमी वापरलेली बोट म्हणूनच ऐन वेळी दगा देऊ शकते. तासांइतकेच, काही वेळा तासांपेक्षा अधिक चांगले माप म्हणजे जळलेले इंधन. पूर्ण वेगाने पाठलागात गेलेला एक तास आणि नांगर टाकून मंद चाललेला एक तास इंजिनाला सारखा पडत नाही.

मग देखभाल जितकी जास्त, तितकी चांगली?

येथेच सर्वसामान्य समजूत चुकते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या मागावर असलेल्या ब्रिटिश कोस्टल कमांडच्या गस्ती विमानांचा अभ्यास सी. एच. वॉडिंग्टन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी केला. दर ५० उड्डाण-तासांनी तपासणी होत असे. नोंदी मांडल्यावर दिसले की बिघाडांचे प्रमाण तपासणीनंतर लगेच वाढते आणि पुढे हळूहळू कमी होते. नीट चाललेली यंत्रणा उघडताना, जोडताना नव्या चुका शिरत होत्या.

१९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेला अहवाल आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. त्यांनी अभ्यासलेल्या विमानांच्या घटकांपैकी केवळ ११ टक्क्यांना ठरावीक वयाला बदलण्याचा फायदा होण्याजोगा होता. उरलेल्या ८९ टक्क्यांत बिघाडाचा वयाशी तसा संबंध नव्हता. याचा अर्थ देखभाल टाळावी असा नव्हे. जे भाग झिजतात, उदाहरणार्थ तेल, फिल्टर, इम्पेलर, पट्टे, गंजरोधक झिंकचे तुकडे, ते वेळेवर बदलावेत. बाकीच्यांची अवस्था मोजावी आणि गरज दिसेल तेव्हाच हात घालावा.

दुरुस्तीनंतरच्या चाचणीकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्या वेळी इंजिनाच्या चाचण्या सुरू होत्या आणि नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. चाचणी गर्दीच्या पाण्यापासून दूर आणि प्रसंगाच्या पुरेशी आधी व्हावी, हा त्यातला सरळ धडा.

योग्य अंतर काढण्याचे गणित काय?

तत्त्व सोपे आहे. लवकर देखभाल केली, तर खर्च वारंवार होतो. उशिरा केली, तर समुद्रात बंद पडण्याची शक्यता वाढते. दोन्हींची बेरीज जेथे सर्वात कमी, ते योग्य अंतर.

केवळ समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. नियोजित देखभालीचा खर्च एक लाख रुपये. समुद्रात बंद पडल्यास ओढून आणणे, तातडीने सुटे भाग मागवणे, गस्त बुडणे असे धरून सहा लाख. १५० तासांपर्यंत बंद पडण्याची शक्यता दोन टक्के, २५० तासांपर्यंत पाच टक्के, ३५० तासांपर्यंत वीस टक्के मानू. तर ढोबळमानाने दर तासाचा खर्च १५० तासांच्या वेळापत्रकात सुमारे ७३० रुपये, २५० च्या वेळापत्रकात ५०० आणि ३५० च्या वेळापत्रकात ५७० रुपये येतो. म्हणजे २५० तास योग्य.

आता बंद पडण्याची किंमत सहाऐवजी तीन लाख धरा. तेच आकडे अनुक्रमे सुमारे ६९०, ४४० आणि ४०० रुपये होतात. या वेळी ३५० तास स्वस्त ठरतात. इंजिन तेच, अंतर वेगळे. हिशेबाचा कल बदलतो तो बिघाडाच्या किमतीमुळे. शांत खाडीत, मदत हाताशी असताना बंद पडणे वेगळे आणि जत्रेच्या दिवशी किंवा रात्री दहा मैलांवर ट्रॉलरच्या पाठलागात बंद पडणे वेगळे. त्यामुळे ताफ्यातील प्रत्येक नौकेला एकच आकडा लावणे ना काटकसरीचे, ना सुरक्षिततेचे. मात्र हे गणित करायला बिघाडाच्या नोंदी लागतात : कोणता भाग, किती तासांवर, कोणत्या कामात. त्या वहीत नसतील, तर अंतर अंदाजानेच ठरते. कंपनीने दिलेली मर्यादा वाढवायची असेल, तर वॉरंटीच्या अटी पाहून आणि तेलाच्या तपासणीच्या आधारेच वाढवता येते.

कोकणचे हंगाम यात कुठे बसतात?

कोकणात या गणिताला दिनदर्शिकेची जोड द्यावीच लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो. लहान नौका वर ओढून तळ घासणे, पंखा आणि शाफ्ट तपासणे, टाकी रिकामी करून धुणे ही मोठी कामे याच दोन महिन्यांत होऊ शकतात. ऑगस्टपासून हंगाम सुरू. जानेवारीपासून पर्ससीनचा परवानाकाळ संपलेला असल्याने कारवाईचे काम वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाशिवरात्र.

वरच्या उदाहरणातील, आठवड्याला साडेसतरा तास चालणारी नौका जुलैअखेर पूर्ण तयार होऊन १ ऑगस्टला निघाली असे धरू. तिचे पहिले २५० तास नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात. दुसरे २५० तास भरतात १८ फेब्रुवारीच्या आसपास. तिसरे मेच्या अखेरीस, बंदीच्या तोंडावर. मधला मुक्काम पाहण्याजोगा आहे. २०२६ ची महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला. तासांचे वेळापत्रक डोळे झाकून पाळले, तर नौका कुणकेश्वरच्या जत्रेला देखभालीच्या अगदी कडेला येऊन पोहोचते, किंवा त्याच आठवड्यात धक्क्यावर इंजिन उघडून बसते.

उपाय साधा आहे. हे काम तीन आठवडे आधी, सुमारे ४५० तासांवरच उरकायचे. सुमारे ५० तासांचे तेल ‘वाया’ जाते, पण ते स्वस्त आहे. त्यातही काम जत्रेच्या आदल्या दिवशी संपवून चालत नाही. वॉडिंग्टन यांना दिसलेले दोष देखभालीनंतरच्या पहिल्या तासांतच वर येतात. म्हणून त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांची नेहमीची गस्त घालून, सैल राहिलेला पाइप किंवा चुकीचा बसलेला गॅस्केट आधीच उघड होऊ द्यायचा. तारीख जत्रेवरून मागे मोजायची.

ताफा असल्यावर काय बदलते?

एका नौकेसाठी जे योग्य, तेच साऱ्या ताफ्यासाठी एकाच वेळी योग्य नसते. दोन नौका प्रत्येकी ८० टक्के दिवस उपलब्ध असतील आणि त्यांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर किमान एक तरी उपलब्ध असण्याची शक्यता ९६ टक्के. पण दोन्ही एकाच दिवशी सेवेत आल्या, सारख्याच चालल्या, तर त्यांचे २५० तासही एकाच आठवड्यात भरतात. दोन्हींचा इम्पेलर एकाच खेपेतला आणि गोदामात शिल्लक शून्य असेल, तरी तेच. कागदावरचे ९६ टक्के क्षणात ८० किंवा त्याखाली येतात.

यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच एका नौकेचे चक्र अर्ध्याने पुढे सरकवतात. पहिलीची देखभाल नोव्हेंबरात, दुसरीची सप्टेंबरअखेर किंवा डिसेंबरअखेर. शेजारच्या ठाण्यांच्या नौकाही याच साखळीत धरल्या, तर देवगडची नौका धक्क्यावर असताना विजयदुर्ग किंवा मालवणकडून पर्याय मिळू शकतो. पोलीस, मत्स्यव्यवसाय विभाग आणि तटरक्षक दल यांची कामे वेगळी असली, तरी कोणाची नौका कोणत्या आठवड्यात बंद राहणार आहे हे एकमेकांना ठाऊक असणे, ही बिनखर्चाची सुधारणा आहे.

तंत्रज्ञानाची मदत कितपत?

बरीच, आणि त्यातली काही फारशी महाग नाही. तेलाचा छोटा नमुना प्रयोगशाळेत तपासला, तर त्यातील लोखंड आणि तांब्यावरून झिजेचा, तर सोडियमवरून खारे पाणी आत शिरल्याचा अंदाज येतो. एकाच आकड्यापेक्षा सलग नमुन्यांतील चढ महत्त्वाचा. एक्झॉस्टचे तापमान, कंपने, ठरावीक फेऱ्यांना मिळणारा वेग यांच्या नोंदीही तेच सांगतात. पूर्वी ज्या फेऱ्यांना नौका २२ नॉट धावे, तेथे १८ च मिळत असतील, तर इंजिन उघडण्याआधी तळ पाहावा.

त्याहून साध्या गोष्टी धक्क्यावर आहेत. निघण्यापूर्वी तेल, कूलंट, पट्टे आणि तळाशी साचलेले पाणी पाहणे. इंजिन सुरू होताच थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का हे बघणे. परतल्यावर कंपनीच्या पद्धतीने गोड्या पाण्याने धुणे. यासाठी धक्क्यावर गोड्या पाण्याचा नळ लागतो, आणि ही पाच मिनिटे कोणाची जबाबदारी, याचे स्पष्ट उत्तर लागते. देवगड बंदरातला अनुभवी तांडेल इंजिनाच्या आवाजावरून जे ओळखतो, ते नोंदवहीत उतरले तर पुढच्या नियोजनाला उपयोगी पडते.

अडचण नेमकी कुठे येते?

मुख्यतः पैशाच्या रचनेत. बोट घेणे हा एकदाचा, दिसणारा खर्च. देखभाल हा दरवर्षीचा, न दिसणारा. किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी देतानाच ही विभागणी दिसते : सुमारे ४०० कोटी रुपये एकवेळच्या खर्चासाठी, तर १५१ कोटी पाच वर्षांच्या इंधन, दुरुस्ती-देखभाल आणि प्रशिक्षणासाठी. मनुष्यबळ राज्यांचे. पाच वर्षे संपतात, बोटी मात्र पुढेही चालवायच्या असतात; आणि वय वाढते तसा दर तासाचा खर्चही वाढतो.

दुसरी अडचण देखभाल कराराच्या भाषेची. ‘वर्षातून अमुक भेटी’ असा करार असेल, तर भेटी मोजल्या जातात. ‘हंगामात अमुक टक्के दिवस नौका समुद्रात जाण्यायोग्य हवी’ असा असेल, तर कंत्राटदार सुटे भाग आधीच आणून ठेवतो, कारण उशिराचा भुर्दंड त्याच्यावर पडतो. तिसरी अडचण सुट्या भागांची. काही शे रुपयांचा फिल्टर मुंबईहून मागवण्याच्या फायलीत अडकला, तर कोट्यवधींची नौका धक्क्यावर राहते. झिजणाऱ्या भागांचा एक संच नौकेवर आणि एक बंदरात ठेवण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

पुढे कोणत्या आकड्याकडे पाहायचे?

विधिमंडळात किंवा जिल्हा नियोजन बैठकीत सहसा विचारले जाते : नौका किती? विचारायला हवे ते असे : गेल्या हंगामात किती दिवस किमान एक नौका तासाभरात निघण्याच्या स्थितीत होती? किती वेळा ती मध्येच परतली, आणि कशामुळे? पुढची नियोजित देखभाल कधी, आणि त्या आठवड्यात पर्याय कोणता? ही तीन उत्तरे महिन्याला एका पानावर मांडता येतात. नव्या नौकांच्या घोषणांना विरोध असण्याचे कारण नाही. पण जुन्यांच्या नोंदी नसतील, तर नव्याही त्याच वाटेने जातील. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर अमावास्येच्या पहाटे पाण्यात उतरणाऱ्यांना आणि जाळे टाकून बसलेल्या मच्छीमारांना ताफ्याच्या संख्येशी देणेघेणे नसते. समोरची एक नौका पहिल्या किल्लीला सुरू व्हावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि ती तारीख सहा महिने आधी ठरवूनच पूर्ण करता येते.